दाणाभर ढील

क्लच पूर्ण दाबलेला होता. तरी मोटारसायकल पुढे सरकली आणि पावाच्या रिकाम्या पेटीसकट मी मौलाभाईंच्या बेकरीच्या दारावर जाऊन आदळलो.

आतून मौलाभाई ओरडले, "यशवंता, दार उघडंच हाय की रं! फोडून कशापायी आत येतोस?"

"क्लच ढिला झालाय."

"परवाबी ढिलाच झालता."

"परवा आवळला हुता मी. कालबी आवळला."

"मग तू आवळतोस आणि ढिला कोण करून जातंय? केरबा?"

म्हणाले आणि लगेच जीभ चावली त्यांनी. केरबा म्हणजे माझा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी गाडीचे सुटे भाग आणायला कोल्हापूरला जातो म्हणून एस.टी.त बसला, तो परत आला नाही. गाडी गोठ्यात उभी, किल्ली खिळ्याला, आणि घरात वहिनी.

 मी भट्टीतून नुकताच बाहेर आलेला पत्रा डाव्या हाताने उचलला आणि पाव पेटीत ओतू लागलो.

"आरं, फडकं घे, फडकं!"

"आमच्या घराण्याचे हात निबर हायेत, मौलाभाई."

"खरं हाय बाबा. केरबा तर तापल्याला सायलेन्सर नुसत्या हातानं धरायचा. गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत बसायचं."

मला बरं वाटलं. दादाची आठवण निघाली की मला बरंही वाटायचं आणि रागही यायचा, आणि दोन्हींत आधी काय येईल ते सांगता यायचं नाही.

दादाचं तिट्ट्यावर गॅरेज होतं. पत्र्याचं एक खोपट, पण घाटाखालच्या सगळ्या गाड्या तिथे यायच्या. ज्या नटाला त्याचा हात लागला त्यावर तो हळदीसारख्या पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. "म्हंजे उद्या कुणी मधी हात घातला तर कळंल," असं म्हणायचा. गाडी चालवायला त्यानेच मला शिकवलं, आणि चालवण्याआधी क्लच लावायला शिकवलं. हँडलवरची क्लचची दांडी आणि ती जिथे बसते तो खोबणा यांच्यामध्ये थोडी ढील ठेवायची असते. ढील जास्त झाली तर क्लच सुटत नाही, गिअर कुरकुरतो, उभी गाडी पुढे ओढते. ढील उरलीच नाही तर चढाला इंजिन नुसतं बोंबलतं आणि प्लेटा जळतात. किती ढील ठेवायची ते मापायला तो खिशात जोंधळ्याचे दाणे ठेवायचा. फटीत दाणा घालायचा. अडकला नाही आणि पडलाही नाही की झालं.

एवढा दाण्याचा हिशेब सांगणारा माणूस, पण शेवटच्या वर्षी स्वतःच्या गाडीला अजिबात ढील ठेवत नव्हता. क्लच तारेसारखा ताणलेला. प्लेटा जळायच्या, त्याच्या कपड्यांना तो करपट वास यायचा, मी बोललो की खेकसायचा. त्या मापाची खूण म्हणून क्लचची केबल ताणणाऱ्या नटाच्या आट्यावरही त्याने पिवळा ठिपका दिला होता. तो गेल्यावर मी नव्या प्लेटा टाकल्या, दाणा घालून ढील लावली आणि आट्यावर कानशीने माझी बारीक रेघ मारली. पाव घेऊन खिंडीवरच्या वाड्यांना जायचं काम मी त्याच गाडीवर धरलं. जवळजवळ दोन वर्षं काही तक्रार नव्हती. यंदा गणपती झाले आणि हे ढिलं होणं सुरू झालं.

त्या दिवशी मौलाभाईंच्या दारातच नट थोडा फिरवला, केबल ताणली आणि निघालो. वाघजाईच्या खिंडीत धुकं होतं. नवरात्र बसलं की आमच्याकडे सकाळी असं धुकं उतरतं की पुढच्या चाकाच्या पुढचं दिसत नाही. देवळाच्या वळणाला चढ लागला आणि इंजिन ओरडायला लागलं. गाडी जागची हलेना. दोघांचं ओझं असल्यासारखी मागे बसली. मी गॅस वाढवला, तसा खालून वास आला.

तो करपट वास. दादाच्या शर्टाचा.

मी तसा तापट माणूस. भूत दिसलं तरी आधी भांडेन आणि मग घाबरेन. पण त्या वळणावर मला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. गाडीवरून उतरलो, दोन्ही हातांनी ढकलत खिंडीच्या माथ्यावर नेली आणि माथ्यावर पोचेपर्यंत एकदाही मान वळवली नाही. मागून पेटीचं झाकण वाजत होतं. ते रोजच वाजायचं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा वहिनी गाडी पुसायला बसल्या. हे त्यांचं नेहमीचं. गाडी त्यांच्या नवऱ्याची, वापरत होतो मी, पुसत होत्या त्या. आमच्या घरात आम्ही दोघंच, आणि कुत्रा. गाव काय बोलायचं ते मला माहीत होतं. दादा गोव्यात कुणा बाईकडे राहतो हेही गाव बोलायचं. वहिनी नळावरून आल्या की त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं आज कोण काय बोललं ते.

त्यांचा भाऊ रंगराव दसऱ्याला येणार होता. या खेपेला त्याने निरोपच तसा धाडला होता की, दोन वर्सं वाट बघितली, आता सामान बांधून ठेव. तिकडे त्याने एक बिजवर पाहून ठेवला होता. वहिनी निरोप ऐकून घरात गेल्या होत्या आणि भाकरी थापत बसल्या होत्या. हो म्हणाल्या नव्हत्या, नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

"भावजी," गोठ्यातून हाक आली. "हिकडं या जरा."

त्यांनी क्लचवरची रबरी टोपी मागे सारली होती. बोट नटावर होतं.

"हे तुमी केलं?"

मी वाकलो. नट बाहेर आला होता आणि दादाच्या पिवळ्या ठिपक्याला बरोबर टेकला होता. केसभर अलीकडे नाही, केसभर पलीकडे नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "माझी खूण आत हाय. ही बगा रेघ."

"मग?"

मी मनात हिशेब केला. कोणीतरी ढिला करतंय, म्हणून मी तेवढाच आवळतोय. मग नट फिरून फिरून माझ्याच रेघेशी यायला हवा. तो दादाच्या ठिपक्याशी कसा आला? हे मी वहिनींना बोलून दाखवलं, आणि बोलून दाखवायला नको होतं असं त्याच क्षणी वाटलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हे येत असतील," त्या म्हणाल्या.

"वहिनी, कायतरी काय!"

"घरात यायला तोंड न्हाई म्हणून येत न्हाईत. गाडीजवळ येत असतील. मोत्या भुकत न्हाई, बगितलंसा का? दुसरं कोण आलं असतं तर भुकला असता की."

मोत्या गाडीच्या पुढच्या चाकाशी अंग टाकून पडला होता. तो दादाच्या वेळेपासून तिथेच झोपायचा. पण त्या वेळी त्याने डोळे उघडले आणि गोठ्याच्या कोपऱ्यातल्या अंधाराकडे पाहून शेपटी हलवली. 

त्या रात्रीपासून वहिनी एक ताट झाकून ओट्यावर ठेवू लागल्या. सकाळी ताट तसंच असायचं. त्या निमूट भाकरी मोत्याला घालायच्या आणि संध्याकाळी पुन्हा नवीन वाढायच्या. मी रागावलो, समजावलं, शेवटी गप्प बसलो. खरं सांगायचं तर पहाटे गोठ्यात शिरताना मीही खाकरून आत जाऊ लागलो होतो.

नट पुन्हा माझ्या रेघेवर आणला. दाणा घालून पाहिला. तो हलू नये म्हणून त्याला लागून असलेला चेकनट पान्याने आवळला, तरी दोन दिवसांत गाडी पुन्हा ओढायला लागली. गिअर टाकला की खर्रकन आवाज. मी पुन्हा जरासा आवळला. पुन्हा ओढली, पुन्हा आवळला. एकदा वाडीतल्या म्हातारीला पाव देताना गाडी उडी मारून पुढे गेली आणि तिच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. म्हातारी म्हणाली, "गाडीवर कुणाचं वारं हाय काय रं तुज्या?"

अष्टमीला टोपी सारून पाहिली. नट पिवळ्या ठिपक्यावर.

आता मात्र माझं डोकं फिरलं. येत असेल दादा, तर समोर ये म्हणावं! दोन वर्षं या बाईने काय काय ऐकलं, आणि हा चोरासारखा येऊन क्लच फिरवून जातो?

"वहिनी," मी म्हणालो, "उद्या खंडेनवमी. पाने पाटावर जात्यात. उद्या बगूया."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. नांगराचा फाळ, कोयता, विळा आणि आमच्या घरी दादाचे पाने. एकदा पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही.  म्हणजे त्या रात्री घरातला पाना कुणी उचलणार नव्हतं; तरी नट फिरला, तर दादाच येतो, एवढं आम्हा दोघांपुरतं पक्कं झालं असतं.

नवमीला दुपारी गाडी धुतली. नट माझ्या रेघेवर आणला, फटीत दाणा घालून पाहिला, चेकनट जीव खाऊन आवळला, मग पाने धुऊन पाटावर मांडले. वहिनींनी गाडीला झेंडूचा हार घातला. मग टोपी मागे सारून त्यांनी ओल्या कुंकवाचा एक जाड पट्टा ओढला. नटावरून चेकनटावर आणि तिथून खोबण्यावर, सलग.

"कुणी जरासा जरी फिरवला तर हे मोडंल," त्या म्हणाल्या.

"आणि मोडलं तर?"

"तर मी रंगादादाला माघारी धाडीन. जलमभर वाट बघीन."

"आणि न्हाई मोडलं तर?"

त्यांनी बोटाचं कुंकू पदराला पुसलं. गोठ्याला मी कुलूप घातलं आणि किल्ली त्यांनी मागून घेतली. त्या कुलपाची दुसरी किल्ली दादाबरोबरच गेली होती. त्या दिवशीही ताट ठेवलं. थोडी खीर जास्त वाढली होती.

दसऱ्याला उजाडता उजाडता रंगराव पहिल्या गाडीने आला. उंच, आडव्या हाडाचा, मोठ्याने बोलणारा. खिशात आपट्याची पानं घेऊनच आला होता, संध्याकाळपर्यंत थांबायचंच नव्हतं त्याला. "सामान बांदलंय का?" हे त्याचं पहिलं वाक्य. वहिनी म्हणाल्या, "जरा गोठ्यात चल."

कुलूप काढलं. मोत्या आत उड्या मारत शिरला. हार जागच्या जागी होता. वहिनींनी टोपी मागे सारली आणि आम्ही तिघंही वाकलो.

कुंकू सुकून कडक झालं होतं. सलग. त्याला बारीक तडासुद्धा गेला नव्हता.

 वहिनींनी पदर नीट केला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.  आपणच ह्या बाईला आशा लावली आणि आपणच काढून घेतली, असं वाटलं. उगीच काहीतरी करायचं म्हणून मी किक मारली. क्लच दाबला, गिअर टाकला.

खर्र.

गाडीने उडी घेतली आणि गव्हाणीला धडकून बंद पडली.

 कुंकू शाबूत, कुलूप शाबूत, पाने पाटावर. आणि क्लच ढिला. खिशातून दाणा काढून मी फटीत घातला. अडकला नाही, पडला नाही. ढील बरोबर होती. जशी काल लावली तशी.

"काय खेळ लावलाय?" रंगराव म्हणाला. "सर बाजूला." तो गाडीवर बसला, किक मारली, क्लच दाबला. गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा पडला. गाडी जागेवर शांत धडधडत राहिली. "झकास हाय की क्लच! तुलाच येत न्हाई चालवाय."

तो उतरला. मी बसलो. दाबला. खर्र.

"परत दाबा," वहिनी एकदम म्हणाल्या. त्या जवळ आल्या होत्या. त्या गाडीकडे बघत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी दाबला.

"सगळ्या बोटांनी दाबा की, भावजी."

"सगळ्याच बोटांनी दाबतोय."

"न्हाई."

मी खाली पाहिलं. दोन बोटं दांडीवर होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धवट वाकून दांडीच्या अलीकडेच थांबलं होतं. मी त्यांना दांडीवर जायला सांगत होतो आणि ती जात नव्हती. माझ्याच हाताची बोटं, आणि कुणा परक्याची असावीत तशी ती ऐकत नव्हती. खिंडीतल्या धुक्यात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या उजेडात वाटली.

वहिनी घरात गेल्या आणि चहा घेऊन आल्या. रंगरावला कप दिला. दुसरा मला देताना माझ्याशी बोलत राहिल्या, "नवी केबल टाकून बगितली का?" असं काहीतरी. मी सांगू लागलो. सांगत होतो आणि रंगराव माझ्या हाताकडे डोळे फाडून बघत होता.

"भावजी," वहिनी हळू म्हणाल्या, "चहा वततीया मी तुमच्या हातावर."

माझ्या डाव्या करंगळीवरून वाफाळलेला चहा ओघळून जमिनीवर पडत होता. मला कळलंच नव्हतं.

त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या गव्हाणीच्या काठावर मटकन बसल्या.

"ह्यांचा हातबी असाच हुता," त्या म्हणाल्या. "हीच दोन बोटं. सायलेन्सर धरायचे, आन् मी म्हणायची, कौतुक करून घेताय व्हय? मग जेवायचं ताट येगळं केलं. पांघरूण येगळं केलं. गॅरेजातच झोपाय लागले. जवळ गेलं की हाताला झिडकारायचे. लांब हो म्हणायचे. मला वाटलं, मी नकोशी झाले."

त्यांना रडू आवरेना. दोन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

कोणी क्लच ढिला करत नव्हतं. कोणी येत नव्हतं. हात माझा कमी पडत होता आणि मी गाडीला दोष देत केबल ताणत होतो. जिथवर ताणली की दोन बोटांना गाडी आवरते, तिथवर. दादाने दोन बोटांसाठी जिथे ठिपका दिला होता, तिथवर. त्याच वाटेने मी त्याच्या खुणेला जाऊन पोचलो होतो.

रंगरावाने चहाचा कप न पिता कट्ट्यावर ठेवला. एक पाऊल मागे सरकला. "म्हंजे महारोग?" त्याने विचारलं.  "ऊठ, आत्ताच्या आत्ता चल. हाय तशी चल." मला द्यायला काढलेली आपट्याची पानं त्याने माझ्या हातात दिली नाहीत. कपाशेजारी ठेवली.

वहिनींनी डोळे पुसले. कट्ट्यावरची पानं उचलली, त्यातली निम्मी माझ्या डाव्या हातात ठेवली आणि ती बोटं आपल्या हाताने मिटवली.

"सोनं घ्या, भावजी," त्या म्हणाल्या. आणि भावाकडे वळून, "रंगादादा, तू जा. मी उद्या ह्यांच्यासंगं दवाखान्यात जाणार हाय."

रंगराव खूप बोलला. शेवटी अकराच्या गाडीने एकटाच गेला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पिसाने, सुईने हात तपासला. चांगला माणूस. म्हणाले, गोळ्यांनी हा रोग पूर्ण बरा होतो, औषध फुकट मिळतं, लवकर आलात. लहानपणी कधीतरी घरातल्याकडून आला असेल, अंगात वर्षानुवर्षं दबून राहतो. बोटांसाठी मात्र मोठ्या दवाखान्यात जा, तिथे व्यायाम शिकवतात, लागलं तर ऑपरेशन करतात. त्यांनी चिठ्ठी दिली.

मोठा दवाखाना लांब, शेजारच्या जिल्ह्यात. तिकडे निघायच्या सकाळी मी पाना घेतला आणि नट स्वतःच्या हाताने, बघून, दादाच्या ठिपक्यावर आणला. दांडी दोन बोटांत अलगद बसली. वहिनी मागे बसल्या. खिंडीत करपट वास आला तेव्हा त्यांनी नाकाला पदर लावला नाही.

दवाखान्याचं आवार मोठं होतं. चिंचेची झाडं, कौलारू वॉर्ड. गाडी लावून मी चिठ्ठी शोधत होतो, तेवढ्यात वहिनींनी माझी बाही ओढली. समोर हातपंप होता. त्याच्या दांड्याच्या नटावर हळदीसारखा पिवळा ठिपका.

शेजारी पाय नसलेल्या एका म्हाताऱ्याची तीनचाकी सायकल उभी होती. तिच्या तिन्ही चाकांच्या नटांवर ठिपके. पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हवर ठिपका. लोखंडी फाटकाच्या बिजागरीवर ठिपका. एवढा वेळ मोकळं वाटणारं ते आवार मला एकदम भरल्यासारखं वाटलं. वहिनी एकेका ठिपक्याकडे बघत चालू लागल्या. त्या वॉर्डला वळसा घालून मागे गेल्या आणि मी त्यांच्या मागे.

मागे पत्र्याचं एक खोपट होतं. दारात पाठमोरा माणूस स्कूटरशी बसला होता. पाना त्याच्या डाव्या हाताला कातडी पट्ट्याने बांधलेला होता.

"अवं," वहिनी म्हणाल्या.

त्याने वळून पाहिलं आणि धडपडत उठला. "लांब! तितंच थांबा! म्होरं येऊ नका!"

आम्ही थांबलो. दादा वाळला होता, केस पिकले होते. त्याने पाना बांधलेला हात पाठीमागे लपवला.

"औषध संपलं का न्हाई तुजं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"कवाच संपलं. बरा हाय मी. डॉक्टर रोज म्हणत्यात, घरी जा."

"मग आला का न्हाईस?"

"ही बोटं घिऊन? गावाला काय दावू?" मग त्याचा आवाज खाली आला. "तुमास्नी लागू नये म्हणून गेलो रं मी, यशा. तुला आन् हिला. तेवढं तरी साधलं."

मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. मी डावा हात पुढे केला. मिटलेली दोन बोटं त्याला दिसली.

दादा त्या हाताकडे बघत राहिला.  मग तो जिथे उभा होता तिथेच खाली बसला आणि कपाळ गुडघ्यावर टेकवलं.

वहिनी चालू लागल्या.

"लांब हो," तो मान वर न करता म्हणाला. "ऐक जरा. लांब हो."

"दोन वर्सं लांबच हुते की," वहिनी म्हणाल्या. "बास झालं तेवढं."

त्या त्याच्या शेजारी मातीत बसल्या. त्याचा पाठीमागचा हात पुढे ओढला, पट्टा सोडला, पाना बाजूला ठेवला आणि ती वाकडी, तेलकट बोटं मांडीवर घेऊन पदराने एकेक करून पुसू लागल्या. दादाने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. पण त्या बोटांत तेवढा जोर उरला नव्हता.